श्रावणातले सात कोंबडे

श्रावण लागल्याचं मला कॅलेंडर सांगत नाही, नाक सांगतं. आषाढभर पावसानं आवारातली माती आंबवून ठेवलेली असते. खुराड्यात अंथरलेलं भुशाचं कुटार वरून ओलं आणि खालून तापलेलं असतं. आणि मग एके सकाळी, चहाचा पहिला घोट तोंडात असतानाच, मागच्या दारातून तो वास घरात येतो. पाहुण्यासारखा बिचकत येत नाही, जावयासारखा येतो. सरळ बैठकीत शिरतो, पंख्याखालची खुर्ची पकडतो आणि पोळ्यापर्यंत हलायचं नाव घेत नाही. नव्या माणसाला पत्ता सांगताना मी घरनंबर सांगणं कधीच सोडलं. मानेवाडा चौकातून नाक वर करून निघा म्हणतो, आणि जिथं खिशातला रुमाल आपसूक बाहेर येईल तिथं फाटक वाजवा. आजवर एकही माणूस चुकला नाही.

गेल्या श्रावणात तो वास आला नव्हता. आज आला.

लोकांना या महिन्यात हिरवळ दिसते. हिरवळ मलाही दिसते, फक्त आमच्याकडे ती चपलेला चिकटून घरात येते आणि तिच्यात आणखीही बरंच काही असतं. कोंबडीची शिट दोन प्रकारची असते, हे ज्याला माहीत नाही तो सुखी माणूस आहे. पहिला प्रकार घट्ट, वर पांढरी टोपी घातलेला. सभ्य गृहस्थासारखा एका जागी बसून राहणारा. दुसरा प्रकार काकवीसारखा, तपकिरी, चकचकीत. त्याचं वर्णन मी जेवणाआधी करत नाही आणि जेवणानंतर मला करवत नाही. फरशीवर पडला तर डाग राहतो, धोतरावर पडला तर धोतर दान करावं लागतं, आणि घेणारा परत आणून देतो.

या सगळ्या वैभवाची मालकीण म्हणजे प्रमिला, माझी बायको. काटोलकडच्या खेड्यातली, संत्र्याच्या बागेच्या कडेला वाढलेली. तिची आई गेली तेव्हा भावांनी घर विकलं, भांडीकुंडी वाटून घेतली आणि शेवटी हिला विचारलं, तुले काय पाहिजे. बाकीच्या बायकांनी पितळेचा हंडा तरी मागितला असता. हिनं अंगणातली एक कोंबडी मागितली. अंगावर चुलीतली राख उडाल्यासारखे ठिपके, डाव्या पायाचं मागचं बोट वाकडं. भुरकी. माझ्या सासूबाईंनी जन्मभर तीच वेल राखली होती: भुरकीची आई, आईची आई, सगळ्या राखेच्या रंगाच्या आणि सगळ्यांचं तेच बोट वाकडं. प्रमिलानं तिला एसटीत मांडीवर घेऊन नागपूरला आणलं. माझ्या मांडीवर तिची पर्स होती. कोण कुठं बसणार हे त्याच दिवशी ठरलं.

"माह्या मायच्या घरचं जितंजागतं एवढंच राह्यलं जी," असं ती एकदाच म्हणाली. त्यानंतर त्या खुराड्याविरुद्ध मी जे काही बोललो ते सगळं मनातल्या मनात. माझं मन म्हणूनच इतकं घाण झालं आहे.

मी ज्या हंगामाबद्दल सांगतो आहे तो दोन वर्षांपूर्वीचा. त्या होळीच्या सुमारास भुरकीसकट तीन कोंबड्या एकदमच खुडूक झाल्या. खुडूक कोंबडी म्हणजे अंडी उबवायच्या नादात उठायचंच विसरलेली बाई. जवळ गेलं की ती अशी फुगते आणि अशा आवाजात बोलते की आपण तिच्याकडून काहीतरी उधार नेलं होतं की काय असं वाटतं. प्रमिलानं तिघींनाही अंड्यांवर बसवलं. तिच्या आईचा नियम असा की टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून कोंबडी. म्हणून तिनं एकेक अंडं बोटांत फिरवून, डोळ्यांजवळ नेऊन, सोनाराला लाजवील अशा काळजीनं फक्त गोल अंडी निवडली. इतकी गोल की दोन-तीन तर जागच्या जागी लोळत होती.

निघाले सगळे कोंबडे. सगळे म्हणजे, ज्या काही पोरी निघाल्या त्यांतल्या बहुतेक मांजरानं नेल्या. मांजरसुद्धा आमच्या घरी निवडून खातं. उरल्या भुरकीच्या दोन लेकी आणि सात पोरगे.

आखाडीला आमच्याकडे माणसांचा पूर आला. श्रावण लागायच्या आधी मनसोक्त खाऊन घ्यायचं म्हणून अख्खं नागपूर त्या आठवड्यात दात घासून बसलेलं असतं. जे पाहुणे आमच्या मुलीच्या लग्नाला आले नव्हते ते भर पावसात कोंबड्यांची तब्येत विचारायला आले. प्रमिलानं सगळ्यांना चहा पाजून वाटेला लावलं. पोरं लहान आहेत अजून, म्हणाली. शिवाय तिचा नियम: घरचा पक्षी घरच्या किंवा दुसऱ्याच्या पातेल्यात जाणार नाही, द्यायचा तर पाळायला द्यायचा. ही बाई सावजी रस्सा नाकातून पाणी येईपर्यंत ओरपते, हाड फोडून आतलं चोखते, पण ती कोंबडी दुकानातली असते, तिच्याशी ओळख नसते. या तत्त्वज्ञानाची मला फार किळस येते. रस्सा मात्र ती उत्तम करते.

आखाडी गेली, श्रावण लागला, आणि पहिल्याच सोमवारी सातातल्या एकाला कंठ फुटला.

तरुण कोंबड्याचं पहिलं आरवणं ज्यानं ऐकलं असेल त्याला पुढच्या जन्माची भीती राहत नाही. गंजलेल्या हापशीला कुणीतरी गळा दाबून हापसतंय असा तो आवाज. एकानं सुरुवात केली की दुसरा त्याला दुरुस्त करायला जातो, तिसरा दोघांना. पहाट व्हायची वाट पाहणं हा जुन्या कोंबड्यांचा शिष्टाचार. आमचे सात जण स्कूटरच्या दिव्याला आरवायचे, कुकरच्या शिटीला आरवायचे, मी शिंकलो तरी आरवायचे. त्या आवाजानं आमच्या गल्लीतल्या नारळाला वेळेआधी नारळ आले असं मी म्हणतो, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी येऊन नारळ पाहावेत.

शेजारी डाखोडे साहेब. सरकारी नोकरीतून निवृत्त, पांढरे कपडे, पांढरी गाडी, गाडीत पांढरे सीट कव्हर. श्रावण कडक पाळणारे; कांदा-लसूणसुद्धा बंद. एवढे स्वच्छ की साबण यांना घाबरतो. ते भिंतीपाशी आले आणि मोठ्या अदबीनं म्हणाले की एक कोंबडा असला तर माणूस समजून घेतो, घरात घड्याळ आहे असं समजतो. पण सात म्हणजे उपद्रव. पोळ्यापर्यंत सहा गेले पाहिजेत, नाही तर महानगरपालिकेत तक्रार. आणि ते लोक आले की मोजत बसत नाहीत, खुराड्यासकट सगळंच उचलतात.

"भुरकीले बी?" प्रमिलानं विचारलं.

"वहिनी, गाडीले काय समजते भुरकी कोण अन् बाकी कोण."

ते खरं होतं म्हणूनच लागलं. रात्री दोनदा उठून ती खुराड्याची कडी पाहून आली.

आणि डाखोडे नसते तरी ते सात तिथं राहण्यासारखे नव्हतेच. कोवळ्या वयात आलेले सात कोंबडे आणि त्यांच्यात मोजून पाच-सहा माद्या. त्या आवारात जे चालायचं ते पाहून मी खिडकीचा पडदा लावून घेतला. आई नाही, बहीण नाही, लाज नाही. एक उतरला की दुसरा तयार. आठवडाभरात भुरकीच्या पाठीवरची पिसं गेली, खालची कातडी उघडी पडली, लाल, ओलसर, आणि तिच्यावर माश्या. प्रमिला तिला न्हाणीघरात घेऊन हळद लावत बसायची. हळद, ओली पिसं, शिट आणि फिनाइल असा एकत्र वास मी आयुष्यात विसरणार नाही. त्याच न्हाणीघरात मला अंघोळ करायची होती. मी त्या महिन्यात किती वेळा अंघोळ केली हे विचारू नका.

तिच्या आईनं सांगितलेलंच होतं: एका घरच्या नरांनी त्याच घरच्या माद्यांत राहायचं नाही, रक्त बसतं, पुढची पिल्लं मान टाकतात. नर बाहेर द्यायचा, बाहेरचा आणायचा. हे सगळं प्रमिलाला पाठ होतं. फक्त बाहेर कुणाकडे द्यायचं हे सांगायला आई नव्हती.

श्रावणात कोंबडा द्यायला गेलात तर एक चमत्कार पाहायला मिळतो. आखाडीला ज्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं ते सगळे एकदम पक्षिप्रेमी होतात. पाळायलाच नेतो, म्हणतात. आणि खोटं नसतं ते. श्रावणात कापत नाहीत, म्हणजे पोळ्यापर्यंत पाळणारच. दाणे घालतील, पाणी ठेवतील, नाव ठेवतील, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कर आली, मांसाहाराचा मुहूर्त उघडला, की त्या नावानं रस्सा करतील. अख्खं शहर महिनाभर उपास करतं आणि महिनाभर आमच्या कोंबड्यांकडे बघून मनात वजन करतं. शिसारी यावी असा सात्त्विकपणा. मांसाची घाण मी सोसतो; तुळशीच्या पानानं झाकलेल्या मांसाची सोसत नाही.

सदरमध्ये मोठं दुकान असलेले एक गृहस्थ आले. कुणाकडून तरी ऐकून. चार बोटांत पाच अंगठ्या. पाचवी कुठं बसली होती ते मी शोधत होतो. त्यांची बाई गाडीतून उतरलीच नाही, काच थोडी खाली करून आत ओढलेला श्वास परत बाहेर सोडायला तिला जागा मिळत नव्हती. गृहस्थ म्हणाले, आमचं फार्महाऊस आहे, हिरवळ आहे, कारंजं आहे, तिथं सातही राजासारखे राहतील. प्रमिलाचा चेहरा उजळला. मी तर कोंबडे पकडायला धोतर खोचलंच होतं.

तिनं एकच विचारलं. "तुमच्याकडे कोंबड्या किती आहेत?"

"कोंबड्या? नाही, कोंबड्या नाहीत," ते म्हणाले. मग सगळ्यात मोठ्याच्या छातीवर अंगठ्यांचा हात ठेवून, आंबा दाबावा तसं दाबून त्यांनी विचारलं, "हा पोळ्यापर्यंत किती भरेल?"

प्रमिलानं त्यांच्या हातातून कोंबडा काढून घेतला. तेवढ्यात कोंबड्यानंही आपलं मत दिलं, दुसऱ्या प्रकारचं, अंगठ्यांच्या मधोमध. देव आहे असं मला त्या दिवशी क्षणभर वाटलं.

पण पोळा जवळ येत होता. माणसं येत होती, तोच प्रश्न, तेच उत्तर: कोंबड्या नाहीत, कोंबडा पाहिजे. शेवटी मीच तिच्या मावसभावाला फोन लावला. दिनूभाऊ, पारशिवनीच्या पुढं जंगलाला लागून असलेल्या गावात राहतो. त्याच्याकडे कोंबड्यांचा पसारा, आणि रानमांजर दर दोन महिन्यांनी नर उचलून नेतं. आणा म्हणाला.

आणायचे कसे? एसटीत सात कोंबडे घेऊन चढलो असतो तर सगळे प्रवासी खाली उतरले असते. तेव्हा भिंतीपलीकडून डाखोडे साहेब म्हणाले, मी गाडी काढतो. माणूस झोपेसाठी काय करत नाही.

तो प्रवास मला अजून स्वप्नात घाम फोडतो. भोकं पाडलेली चार खोकी मागे, एक प्रमिलाच्या मांडीवर. बाहेर मुसळधार, काचा बंद. कामठी येईपर्यंत डाखोडे तोंडानं श्वास घेत होते. कन्हानच्या पुलावर एक खोकं भिजून फाटलं, आणि त्यातला महाराज उडून समोर स्टिअरिंगपाशी जाऊन बसला. तिथून त्यानं आरवून घेतलं, अगदी हॉर्नच्या वर उभा राहून, आणि शांतपणे पांढऱ्या कव्हरवर काकवी सांडली. डाखोडे काही बोलले नाहीत. बोलायला तोंड लागतं, आणि ते श्वासाला लागलेलं होतं. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यानं पाहिलं की पांढरी गाडी कोंबडा चालवतो आहे, आणि त्यानं मुकाट्यानं बाजू दिली. हे मी शपथेवर सांगतो. शपथ कुणाची ते नंतर पाहू.

दिनूभाऊच्या अंगणात उतरलो तेव्हा आमच्या अंगाला इतका वास येत होता की त्याचा कुत्रा भुंकायला आला आणि विचार बदलून परत गेला. दिनूभाऊनं सातही जण पंख पसरून, तुरे दाबून, पाय वाकवून पाहिले. प्रमिला त्याच्याकडे पाहत होती. खोकं अजून तिच्या हातात होतं.

"खाशीन तं नाही ना गा दिनू?"

दिनूभाऊ एका कोंबड्याच्या पायाची माती नखानं काढत राहिला.

"सगळ्याईची हमी नाही देत, ताई. माह्याकडे दोन राहतीन, ते माह्यं. बाकीचे गावात कोंबड्यावाल्या घरी देतो. पण पोळा आहे, कर आहे, माणसं आहेत. एखादा जाईन. तुले खोटं काहून सांगू?"

मी मनात म्हटलं, झालं. आता सातही परत. पुन्हा कन्हानचा पूल. डाखोडेंनी डोळे मिटून घेतले.

प्रमिलानं खोकं त्याच्यापुढं ठेवलं. "तूच ने मंग. आतापर्यंत आले ते सारे पाळाले नेतो म्हणत होते."

आता निघायचं की नाही? पण खेड्यातला माणूस सरळ घेईल तर शपथ. दिनूभाऊ म्हणाला, फुकटाचं जनावर दारात टिकत नाही, बरकत जाते. नराचा वाटा कोणी धरत नाही. त्यांच्यासोबत एक तलंग दे, अजून अंड्यावर न आलेली एखादी पोर, तिला मी वाट्यानं सांभाळतो. तिची जी पिल्लं होतील त्यांतली अर्धी तुझी. प्रमिलानं घरून आधीच भुरकीची एक लेक खोक्यात घालून आणली होती, मला न सांगता. माहेरचा रिवाज तिला ठाऊक होता. मी म्हटलं अर्धी काय, सगळी ठेव बापा, फक्त आम्हाला घरी जाऊ दे. त्यावर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मी गाडीत जाऊन बसलो, काकवीच्या बाजूला. आणि रक्त बदलायला म्हणून त्यानं आपला एक तांबडा कोंबडा आमच्या गळ्यात घातला. सात देऊन एक घेऊन आलो. डाखोडेंनी तो मोजला, एक आहे म्हणाले, आणि गाडी सुरू केली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मी मुद्दाम मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत गेलो. लोक ओरडत होते, इडापिडा घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा गे मारबत. मी घसा फोडून ओरडलो, कोंबड्यांचा वास घेऊन जा गे मारबत. संध्याकाळी गल्लीत घरोघरी रस्से उकळत होते, डाखोडेंकडे सगळ्यात आधी. प्रमिलानं त्या दिवशी वांग्याची भाजी केली. मी जेवलो. काय करता.

आणि मारबतीनं ऐकलं बरं का. फक्त जरा जास्तच ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात मानमोडी आली. आधी तांबडा मान वाकडी करून गोल फिरायला लागला, मग एकेक. हिरवं पाणी, लटकलेले पंख, मिटलेले डोळे. डॉक्टर आले, त्यांनी हात पुसले. भुरकी शेवटी गेली, प्रमिलाच्या ओच्यात. मी मागच्या कोपऱ्यात खड्डा खणला, वर चुना टाकला, आवार धुतलं, खुराडं उलटं करून उन्हात ठेवलं. मी जन्मभर मागितलेलं सगळं मला मिळालं. स्वच्छ फरशी. बिनवासाचा पहाटेचा वारा. गेल्या श्रावणात आमच्या आवारात नुसता पावसाचा वास होता, आणि मला त्याची किळस आली. धुतलेल्या दवाखान्याला येतो तसला वास. प्रमिला रोज सकाळी ते रिकामं आवार झाडायची. झाडायला काही नव्हतं. खराट्याचा आवाज तेवढा यायचा.

दिनूभाऊला कळवू म्हटलं तर तिनं हात धरला.

"नका सांगू जी. वाटा मांगतल्यावानी होते."

या वर्षी आखाडीच्या आधी, भर दुपारी, फाटक वाजलं. दिनूभाऊ. डोक्यावर डालगं, वेताचं, वरून फडकं बांधलेलं, आणि खांद्यावरून ओघळलेली पांढरी रेघ. आत न येता तिथूनच म्हणाला की पहिली खेप रानमांजरानं नेली, दुसरी टिकली, म्हणून उशीर झाला; अर्धी घेऊन आलो, मोजून घे ताई. मग त्याचं लक्ष उलट्या खुराड्याकडे गेलं. त्यानं डालगं खाली ठेवून फडकं सोडलं.

एक कोंबडा निघाला. त्याच्यामागं दुसरा. तिसरा, चौथा, पाचवा. पाचही जणांनी आमच्या धुतलेल्या फरशीवर आपापली सही केली. अर्धा वाटा म्हणजे त्यातही नशीब आमचंच. मी कपाळावर हात मारणार तेवढ्यात फडक्याच्या घडीतून एक तलंग बाहेर आली. अंगावर राख उडाल्यासारखी. तिनं मान तिरकी करून आमच्याकडे पाहिलं.

प्रमिला ओल्या फरशीवर तशीच खाली बसली. तिला धरलं, उलटी केली, आणि डाव्या पायाचं मागचं बोट अंगठ्यानं चाचपलं. बराच वेळ ते बोट सोडलं नाही.

"मायचंच आहे," एवढंच म्हणाली.

तर आज श्रावण लागला. पाचांपैकी दोघांना कंठ फुटला आहे, गंजलेली हापशी पुन्हा सुरू झाली आहे. सकाळीच भिंतीपलीकडून डाखोडे साहेबांनी विचारलं, किती आहेत. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, कव्हर काढून ठेवतो, पुढच्या रविवारी जमेल. प्रमिला आतून ओरडली की तलंग जाणार नाही, नर जातील, अन् यावेळी तिकडून काळा नर आणायचा.

मी चहा बाजूला ठेवला. नाकाला रुमाल बांधला, खराटा घेतला आणि त्या घाणीत उतरलो. भुरकीची नात कुटार उकरत उकरत आली, माझ्या चपलेवर चढली आणि जरा विचार करून शिट टाकली. दुसऱ्या प्रकारची. बोटांच्या बेचक्यात, गरम. मी तिच्या सात पिढ्यांना नावं ठेवली, मोठ्यानं. पण पाय काही हलवला नाही.